डोके जड होते तेव्हा

वार्षिक परीक्षा महिन्यावर आली की मुलींच्या वसतिगृहात पुस्तकांच्या जोडीला बाटल्याही दिसू लागतात. कुणाच्या उशाशी ब्राह्मीचे औषध, कुणाच्या पेटीत स्मरणशक्तीच्या गोळ्या, तर कुणाला घरून भिजवायला बदाम आलेले असतात. अलीकडे त्यांत हिरव्या रंगाच्या कॅप्सूलांची भर पडली आहे. “डोक्सं काम करून नाई राह्यलं” ही तक्रार आमच्या वऱ्हाडी बोलीत पूर्वीपासून आहे. शहरातल्या मैत्रिणी तिलाच ‘ब्रेन फॉग’ म्हणतात, म्हणजे मेंदूवरचे धुके. मानसशास्त्र हा माझा विशेष विषय असल्याने या बाटल्या मेंदूत जाऊन नेमके काय करतात, याचा मी थोडा शोध घेतला. त्या शोधात आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दोन गोष्टी आड आल्या, म्हणून हा लेख येथे देत आहे.

प्रथम थकव्याविषयी. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटाच खातो. म्हणजे खर्चिक पाहुणाच म्हणायचा! चेतापेशी ऊर्जा वापरतात तेव्हा ‘ॲडेनोसीन’ नावाचे द्रव्य मागे उरते. दिवसभरात ते साचत जाते, पेशींवरील आपल्या ठरावीक जागी जाऊन बसते आणि पेशींचे काम मंदावते. आपल्याला पेंग येते ती यामुळे. झोपेत हा साठा ओसरतो. चहातील कॅफीनचा आकार ॲडेनोसीनशी मिळताजुळता असल्याने ते आधीच त्या जागा अडवून बसते. चहाने शक्ती येते, असे आपण म्हणतो ते खरे नव्हे. चहा थकव्याची वर्दी देणाऱ्या शिपायाला दाराबाहेर रोखून धरतो, इतकेच. कॅफीन उतरले की बाहेर ताटकळलेला शिपाई आत येतोच.

बौद्धिक श्रमाचा आणखी एक हिशेब पॅरिसच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडला. त्यांनी काही जणांना सहा तासांहून अधिक काळ अवघड बौद्धिक काम दिले आणि काहींना तितकाच वेळ सोपे काम दिले. अवघड काम करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, जेथे विचार व संयम यांचा कारभार चालतो तेथे, ‘ग्लुटामेट’ हे द्रव्य अधिक साचलेले आढळले. हीच मंडळी पुढे थांबून मिळणाऱ्या मोठ्या लाभापेक्षा ताबडतोब मिळणाऱ्या छोट्या लाभाकडे अधिक झुकू लागली. रात्री बारा वाजता इतिहासाची वही मिटून आपण मोबाईल का उघडतो, याचे उत्तर मला येथे सापडले! हा थकवा विश्रांतीने जाणारा आहे. त्यासाठी बाटलीची गरज नाही आणि बाटलीचा उपयोगही नाही.

परंतु काही धुके असे असते की, आठ तास झोपले तरी सकाळी ते तसेच असते. तेथे मेंदूला लागणारी एखादी वस्तू खरोखरच कमी पडत असते. अशा वेळी योग्य वस्तू दिली तर फरक पडतो; चुकीची दिली तर पैसे जातात, आणि कधीकधी त्याहून अधिक काही जाते.

आपल्याकडे अशी सर्वांत मोठी कमतरता लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह केवळ रक्तातून प्राणवायू वाहण्यासाठीच लागते असे नाही. एकाग्रतेशी व उत्साहाशी निगडित असलेले ‘डोपामीन’ मेंदूत तयार व्हायलाही ते लागते. म्हणून रक्तक्षय होण्याच्या आधीच डोके मंदावू शकते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, रक्तक्षय नाही पण शरीरातील लोहाचा साठा कमी आहे अशा शाळकरी मुलींना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्यांना गोळ्या मिळाल्या त्यांना शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत अधिक यश आले. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. मैत्रिणींना जाता जाता एक सांगते : जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह शरीराला नीट शोषू देत नाही. अभ्यासासाठी म्हणून घेतलेला कप असा दोन्हीकडून नडतो.

यापुढची हकीकत मुंबईच्या गिरण्यांतली आहे. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ मध्ये मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक विचित्र रक्तक्षय होत असे. त्याचे कारण बाईंनी त्यांच्या गरीब आहारात शोधले, आणि यीस्टपासून केलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्यातला गुणकारी घटक पुढे ‘फॉलिक आम्ल’ म्हणून ओळखला गेला. आज गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यातून ज्या गोळ्या मिळतात, त्यांत हे आम्ल असते. मुंबईच्या गिरणी कामगारीण स्त्रियांचे हे ऋण जगावर आहे. त्यांची नावे मात्र कोठे वाचायला मिळत नाहीत.

फॉलिक आम्लाला एक जोडीदार आहे, तो म्हणजे जीवनसत्त्व ब-१२. या दोघांचे काम एकमेकांत इतके गुंतलेले आहे की एकाची उणीव दुसऱ्याने काही काळ झाकली जाते. धोका आहे तो येथेच. आपल्या चेतातंतूंवर, विजेच्या तारेवर असते तसे ‘मायलिन’चे वेष्टण असते. वेष्टण असलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंतच्या वेगाने धावतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून तो जेमतेम एखादा मीटर सरकतो. हे वेष्टण शाबूत ठेवायला ब-१२ लागते. ते कमी पडले की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, नावे आठवत नाहीत, माणूस चिडचिडा किंवा उदास होतो. अशा माणसाला नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, तपासणीचा कागद चांगला दिसतो. आणि आत चेतातंतूंची झीज चालूच राहते.

माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झाले. ती चिखली तालुक्यात राहते. माळकरी घर, त्यामुळे अंडे-मांस वर्ज्य. दोन म्हशी आहेत, पण दूध डेअरीला जाते आणि घरी उरते ते चहापुरते. बचतगटाचा हिशेब तिच्याकडे. पै न् पै तोंडपाठ असणारी ही बाई, एकच हप्ता दोनदा लिहू लागली. पायाखाली कापूस अंथरल्यासारखे वाटते, म्हणायची. गटातल्या बायका कुजबुजू लागल्या, तेव्हा तिने वही स्वतःहून दुसरीच्या हाती दिली. त्या दिवशी ती जेवली नाही. एका दुकानदाराने दिलेले शक्तिवर्धक औषध तिने वर्षभर घेतले. त्यात लोह व फॉलिक आम्ल होते, ब-१२ नव्हते. रक्त वाढले, म्हणून घरचे निश्चिंत झाले. पुढे बुलढाण्याच्या एका डॉक्टरांनी ब-१२ ची तपासणी करायला लावली आणि इंजेक्शने सुरू केली. चार-पाच महिन्यांत वही पुन्हा मावशीकडे आली. पायांच्या मुंग्या मात्र पुरत्या गेल्या नाहीत, आणि आता त्या जातील असे डॉक्टरही म्हणत नाहीत.

मावशी काही जगावेगळी नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६७ टक्के जणांत ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. फॉलिक आम्लाची कमतरता मात्र क्वचितच आढळली. हिरव्या पालेभाज्या व डाळी खाणाऱ्या समाजात ते साहजिकच आहे. ब-१२ वनस्पतीत नसते. ते सूक्ष्म जीवाणूच तयार करतात, आणि आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. रोजची गरज म्हणावी तर दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे चिमटीतही न येणारी. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून त्रास उशिरा आणि चोरपावलांनी येतो.

आता त्या हिरव्या कॅप्सूलांकडे वळू. त्यांत असते ते ‘स्पिरुलिना’, आणि ते आपल्या लोणारच्या पाण्यातले रहिवासी आहे! उल्कापाताने झालेल्या, जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातील सरोवर इतके खारे व अल्कधर्मी आहे की सामान्य मासा त्यात जगत नाही. या नील-हरित जीवाला मात्र असेच पाणी मानवते. कमळजादेवीच्या देवळापाशी उभे राहून ज्यांनी ते हिरवट पाणी पाहिले असेल, त्यांनी नकळत स्पिरुलिनाही पाहिले असेल. (२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले ते वेगळ्याच, मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे.) बाजारातले स्पिरुलिना लोणारचे नसते, ते हौदांत वाढवतात. त्यात प्रथिने भरपूर असतात, हे खरे. पण “शाकाहारींसाठी ब-१२” म्हणून ते विकले जाते, तेथे माझी हरकत आहे. स्पिरुलिनात जे असते ते बहुतांश ‘आभासी ब-१२’. ते ब-१२ सारखे दिसते, काही चाचण्यांतही तसेच मोजले जाते; पण मानवी शरीराच्या कुलपात ही किल्ली फिरत नाही. मावशीसारख्या बाईने या कॅप्सूलांवर विसंबून आणखी एक वर्ष काढले असते तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

ब्राह्मीची गोष्ट निराळी. तिच्यातील ‘बॅकोसाइड’ या द्रव्यांवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत बरेच काम झाले आहे. ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, तीन महिने ब्राह्मी घेतलेल्या प्रौढांच्या नव्याने शिकलेल्या गोष्टी अधिक टिकल्या. शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही. तेव्हा परीक्षेच्या महिनाभर आधी झाकण उघडणाऱ्यांनी हिशेब करावा.

राहिली दुसरी गोष्ट, शेगाव तालुक्याची. २०२४ चा डिसेंबर संपता संपता बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस मुठी-मुठीने गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. त्या गावांतल्या मुलामुलींना लोक जवळ बसू देईनात, लग्ने अडली, असे वर्तमानपत्रांतूनही आले. विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन रुग्णांचे व गव्हाचे नमुने तपासून घेतले. रेशनच्या गव्हात ‘सेलेनियम’ फार जास्त आहे आणि केस त्यामुळेच गेले, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

हे सेलेनियम मेंदूच्या गोळ्यांच्या वेष्टनावर मोठ्या मानाने छापलेले असते. ते आवश्यक आहे, यात वाद नाही. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे स्राव कार्यक्षम व्हायला ते लागते, आणि ते स्राव कमी पडले तर डोके जड होतेच. पण गरज असते दिवसाला पन्नासएक मायक्रोग्रॅमची, आणि चारशेच्या पुढे धोका सुरू होतो. हे अंतर किती अरुंद आहे, ते २००८ मध्ये अमेरिकेत दिसले. तेथे एका पातळ पूरक औषधात कारखान्याच्या चुकीने, बाटलीवर लिहिल्याच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम पडले. दहा राज्यांतील दोनशेएक लोक आजारी झाले. शेगावकडच्यांप्रमाणेच त्यांचेही केस गेले. आणि जे औषध त्यांनी ताकदीसाठी म्हणून घेतले होते, त्याने त्यांच्यातल्या दर चारांपैकी तिघांना आला तो थकवा.