पडद्यावरचा ड्रॅगन आणि गोठ्यातला वळू

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत जनावराची पारख ही केवळ बाजारातील देवघेवीपुरती बाब कधीच नव्हती. खिल्लार खोंड घ्यावयाचा झाला की शिंगांचा डौल, पाठीची ठेवण, खुरांची घडण, कातडीचा रंग, हे सारे पाहून झाल्यावर शेवटी प्रश्न येतो तो त्याच्या आईबापांचा. कोणत्या गाईस कोणता वळू दाखविला होता आणि त्या वळूचा बाप कोणाच्या दावणीचा, याची उजळणी घरातील वडीलधारे मोठ्या अभिमानाने करतात. बैलगाडा शर्यती 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाल्या, 2021 च्या डिसेंबरात त्यांस सशर्त मोकळीक मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने त्याविषयीचा कायदा ग्राह्य धरला. पारख करणारी नजर मात्र निकालाने मिटत नाही आणि निकालाने उघडतही नाही.

अशाच एखाद्या घरी आजोबा गोठ्यात आहेत आणि नातू माडीवर मोबाइल घेऊन बसला आहे, असे समजू. नातू वाया चालला, असे आजोबांस वाटणे साहजिक आहे. परंतु त्या पडद्यावर पुष्कळदा जे चाललेले असते ते ऐकून आजोबांस नवल वाटेल. तेथेही जोडा लावला जात असतो, पिल्लांचा रंग पाहिला जात असतो, आणि मनाजोगते पिल्लू न निघाल्यास पुढील जोड्याचा विचार होत असतो. जनावर तेवढे निराळे. ते आहे ड्रॅगन, म्हणजे पाश्चात्त्य कथांतील तो पंखवाला, अग्नी ओकणारा महासर्प. आणि त्यास रूप द्यावयाचे असते ते चित्रकथेतील एखाद्या आवडत्या दांडगट नायकाचे.

अशा आभासी पाळीव प्राण्यांची लाट आली ती जपानातून. 1996 च्या नोव्हेंबरात बांदाई कंपनीने ‘तामागोची’ नावाचे अंड्याच्या आकाराचे, मुठीत मावणारे खेळणे विक्रीस आणले. त्याच्या इवल्याशा पडद्यावर एक जीव अंड्यातून बाहेर येई. बटणे दाबून त्यास खाऊ घालावे, त्याची घाण काढावी, दुखण्यात औषध द्यावे. हयगय झाली की तो मरे. मुले तो जीव शाळेत नेऊ लागली, वर्गात तो भुकेने चिवचिवू लागला, आणि अनेक शाळांनी त्यास बंदी केली. त्याचे जनक अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांस 1997 साली अर्थशास्त्राचे ‘इग नोबेल’ हे थट्टेचे पारितोषिक मिळाले. लक्षावधी मनुष्यतास आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळविल्याबद्दल! थट्टेत एक गोष्ट मान्य झाली होती ती अशी, की गवताची काडीही न खाणाऱ्या प्राण्यासाठी माणसे खरोखरीच मध्यरात्री उठत होती.

पुढे इंटरनेट आले आणि प्राणी मुठीतून निघून दूरच्या संगणकावर राहू लागले. 1999 सालच्या ‘निओपेट्स’मध्ये प्राणी उपाशी राहतो, कण्हतो, परंतु मरत नाही. 2006 साली सुरू झालेल्या ‘ड्रॅगन केव्ह’ची तऱ्हा अधिक विलक्षण आहे. तेथे ड्रॅगनचे अंडे मिळते, पण ते एकट्या मालकाच्या मायेने उबत नाही. ठरलेल्या सात दिवसांत पुरेशा परक्या लोकांनी येऊन त्याकडे पाहिले तरच ते फुटते, एरवी आतला जीव जातो. म्हणून मालकास आपले अंडे चारचौघांत मिरवावे लागते. 2013 च्या जूनमध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फ्लाइट रायझिंग’ने मरणाचा प्रश्नच काढून टाकला आणि सगळा भर पैदाशीवर दिला. आवडत्या पात्रावरून ड्रॅगन घडविण्याचा छंद जो फोफावला तो मुख्यतः याच भूमीत.

आता हे पात्र कसले? ज्यास इंग्रजीत ‘अँटिहीरो’ म्हणतात त्यासाठी मराठीत ‘प्रतिनायक’ हा शब्द सर्रास वापरतात, परंतु तो थोडा फसवा आहे. संस्कृत नाट्यशास्त्रातील प्रतिनायक म्हणजे नायकाचा वैरी, रामापुढचा रावण. येथे अभिप्रेत असलेला इसम कथेचा नायकच असतो, फक्त नायकाचे सद्गुण त्याच्या अंगी नसतात. मराठी रसिकांस त्याची ओळख रंगभूमीने 1972 साली ‘सखाराम बाईंडर’मध्ये पुरेपूर करून दिली आहे. चित्रकथांत पाहावयाचे तर दिल्लीच्या राज कॉमिक्सचा, पण मुंबईत वावरणारा ‘डोगा’ घ्यावा. उकिरड्यावर टाकलेले हे मूल डाकूच्या हाती पडून वाढले. मोठेपणी कुत्र्याचा मुखवटा घालून ते गुन्हेगारांस न्यायालयाची वाट न पाहता संपविते, आणि गल्लीतील कुत्री हेच त्याचे सैन्य. अमेरिकेतील ‘व्हेनम’ हा त्याचा दूरचा भाऊबंद म्हणावा. स्पायडरमॅनने झिडकारलेला काळा, सजीव पोशाख एका सूडाने पेटलेल्या वार्ताहराच्या अंगावर चढतो आणि 1988 साली हा राक्षस जन्मास येतो. आरंभी तो निखळ खलनायक होता. वाचकांस तो इतका आवडला की 1993 साली त्यास स्वतंत्र मालिका मिळाली आणि तो निरपराधांचा, भयंकर का होईना, पाठीराखा बनला.

समजा, माडीवरील त्या मुलास व्हेनमचा ड्रॅगन हवा आहे: सर्वांग काळे, पंख पांढरे. दुकानात जाऊन वस्तू आणावी तसा तो आणता येत असता तर हा छंद आठवड्याभरात विटला असता. ‘फ्लाइट रायझिंग’मध्ये नवख्यास दोन ड्रॅगन मिळतात. एकाचे रंगरूप त्याने निवडावयाचे. दुसरा, म्हणजे जोडीदार, दैव देईल तसा. प्रत्येक ड्रॅगनास तीन रंग असतात, एक अंगाचा, दुसरा पंखांचा आणि तिसरा उरल्यासुरल्या भागांचा. हे रंग 177 असून ते एका चक्रावर ओळीने मांडलेले आहेत. केवळ रंगांच्याच जुळण्या मोजल्या तर त्या 55,45,233 होतात. जाती, अंगावरील नक्षी आणि डोळ्यांची ठेवण वेगळीच.

पिल्लाचा रंग ठरतो तो असा. आईचा आणि बापाचा रंग चक्रावर शोधावा. त्या दोहोंना जोडणारी जवळची वाट धरावी. त्या वाटेवरील कोणताही एक रंग पिल्लास येतो, दोन्ही टोके धरून. आईबाप दोघेही काळे असतील तर पिल्लू काळेच निघणार. एक काळा व एक पांढरा असेल तर मधल्या राखाडी छटांची सारी रांग संभवते, आणि हवा तो काळा रंग नशिबाने येतो. म्हणजे शहाणपणाचा मार्ग हा, की एका पिढीत थोडे काळ्याकडे सरकावे, त्यांतील उत्तम पिल्लू राखावे, त्यास अधिक काळ्या जोडीदाराची गाठ घालून द्यावी, आणि हे करताना पंखांचा पांढरा हातचा जाऊ देऊ नये. दोन विणींच्या मध्ये कित्येक दिवस थांबावे लागते. रक्ताचे नाते असलेल्यांचा जोडा हा खेळ लागू देत नाही, म्हणून वंशावळ वाचण्यावाचून गत्यंतर नसते. आजोबांच्या तोंडी असलेली दावणीची हकीकत नातू येथे पडद्यावर वाचीत असतो.

एका बाबतीत मात्र आजोबांचा गोठा आणि नातवाचा पडदा यांचे शास्त्र जुळत नाही. संततीत आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात, ही समजूत युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत विद्वानांतही रूढ होती. ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याच्या रोपांवर केलेले प्रयोग 1866 साली छापले आणि दाखविले की गुण मिसळत नाहीत, सुट्या नाण्यांप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या अखंड हस्तांतरित होतात. एका पिढीत लपलेले नाणे पुढच्या पिढीत पुन्हा बाहेर पडते. जगाने त्याची दखल घेतली ती 1900 साली. ड्रॅगनच्या रंगांचे चक्र पाहिले तर ते मेंडेलपूर्व काळात अडकलेले दिसते. तेथे जे आहे ते अंगावर, लपलेले काही नाही. त्याच ड्रॅगनच्या अंगावरील नक्षी मात्र मिसळत नाही. ती आईची तरी येते किंवा बापाची तरी. काळ्या गाईस अवचित तांबडे वासरू का होते, हा प्रश्न ज्या मुलास गोठ्यात पडला आहे त्याने पडद्यावरून उत्तर शोधू जाऊ नये. पण दोन्हीकडील फरक का, असे त्याने विचारले तर शिक्षकांनी ते मनावर घ्यावे.

रूप साधल्यावर नाव द्यावयाचे, आणि मग चरित्र लिहावयाचे. त्यासाठी प्रत्येक ड्रॅगनास एक कोरे पान असते. व्हेनमची कथा जशीच्या तशी उतरविणे ही पहिली पायरी. जाणते खेळाडू तेथे थांबत नाहीत. शहर जाऊन डोंगर येतो, पोशाख जाऊन शाप येतो, वार्ताहराचा सूड एखाद्या कळपातून हाकलल्या गेलेल्या पिल्लाचा सूड होतो. हा सर्व उद्योगातील सर्वांत फलदायी भाग होय. जे मूल निबंधाच्या दोन ओळींवर अडते ते येथे दोन पाने लिहिते, तेही कोणी गुण देणार नसताना.

असल्या उग्र प्राण्याविषयी ही माया कोठून येते, हा प्रश्न पोकळ नाही. निदान शिरूर तालुक्यात तरी नाही. उसाच्या दाट फडांत बिबट्यांनी घर केल्यास अनेक वर्षे झाली. माद्या तेथेच वितात आणि पिल्ले उसातच वाढतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे बळी गेले, त्यांत लहान मुलेही होती. ज्या घरांत तिन्हीसांजेस मुलांस अंगणातून आत बोलाविले जाते त्या घरांस हिंस्र श्वापद ही कविकल्पना नव्हे. आणि तरीही याच महाराष्ट्रात वाघोबाची ठाणी आहेत, गडांच्या दरवाजांवर शरभाची शिल्पे आहेत. सिंहासारखा, काही ठिकाणी हत्तींना पंजात धरलेला तो काल्पनिक पशू दारावर बसविला तो आपला म्हणूनच. भयंकराने आपल्या बाजूस असावे ही इच्छा फार जुनी आहे. डोगा आणि व्हेनम तीच भूक भागवितात, आणि त्यांच्या नावाचा ड्रॅगन तर बोलावल्यावर येतो, खाऊ घातल्यावर खातो. खरा बिबट्या यांतील काहीही करणार नाही, हे मुलास स्पष्ट सांगावे. सांगितल्याने खेळाची गोडी उणावत नाही.

खऱ्या ड्रॅगनाचे म्हणाल तर त्याचा आप्त या भागातील माळरानावर आहेच. इंडोनेशियाच्या बेटांवर ज्यास कोमोडो ड्रॅगन म्हणतात, जो तीन मीटरपर्यंत वाढतो, तो आणि आपली घोरपड हे एकाच कुळीचे. शास्त्रज्ञ दोघांसही ‘व्हॅरानस’ या एकाच नावाखाली घालतात. लांब दुभंगलेली जीभ, जाड शेपूट, दगडास घट्ट धरणारी नखे. ड्रॅगनचे वेड लागलेल्या मुलाच्या मनात ती घरी आणावी असे येऊ शकेल. ते होणे नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, मारणे वा बाळगणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. लांबून पाहण्यास मात्र कोणाची हरकत नाही, आणि पाहण्यासारखे तिच्यात पुष्कळ आहे.

घरच्या मोठ्यांनी लक्ष घालावे असे दोन मुद्दे उरतात. पहिला पैशाचा व वयाचा. ‘फ्लाइट रायझिंग’मध्ये दोन चलने आहेत, एक खेळून मिळते, दुसरे खरे पैसे देऊनही घेता येते, दुर्मीळ नक्षीच्या मोहात हात दुसऱ्याकडे जातो. खेळाच्या नियमाने तेरा वर्षांखालील मुलास खाते उघडता येत नाही. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून त्याची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरविली आहे.

दुसरा मुद्दा मालकीचा. वळू शेतकऱ्याच्या दावणीस असतो. ड्रॅगन असतो परक्या कंपनीच्या संगणकावर. ‘निओपेट्स’ 2005 साली वायाकॉम या कंपनीकडे गेले, 2014 साली जंपस्टार्टकडे, आणि 2017 साली खुद्द जंपस्टार्ट चीनमधील ज्या कंपनीच्या हाती आले तिचे नाव, योगायोग पाहा, ‘नेटड्रॅगन’. 2023 साली जंपस्टार्ट बंद पडले आणि निओपेट्स स्वतंत्र झाले. तत्पूर्वी, 2020 च्या अखेरीस ‘फ्लॅश’ या तंत्राचा आधार सुटल्यामुळे तेथील कित्येक जुने खेळ चालेनासे झाले होते. या घालमेलीत प्राणी वाचले. ते वाचावेत की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्यांना खाऊ घालणाऱ्या मुलांकडे कधीच नव्हता. म्हणून ड्रॅगनचे चित्र आणि त्याचे लिहिलेले चरित्र मुलाने आपल्या वहीत उतरवून ठेवावे. चरित्र तरी सर्वस्वी त्याचे स्वतःचे असते.