खिशातला चाकू : कशासाठी, कसला आणि कसा बाळगावा



बेणे, खत, पाणी, तोडणी या विषयांवर आपण नेहमी वाचतो. आज एका लहानशा वस्तूविषयी लिहायचे आहे. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात, पिशवीत किंवा कनवटीला असते. ती वस्तू म्हणजे घडीचा चाकू. "त्यात काय लिहायचं? चाकू तो चाकू!" असे कोणी म्हणेल. परंतु हाच चाकू उसातला लपलेला रोग दाखवितो, आणि हाच चाकू तो रोग एका बेटातून दुसऱ्या बेटात नेऊनही ठेवतो. अडचणीच्या वेळी तो बैलाचा जीव वाचवितो, आणि हयगय झाली तर बोटही कापतो. तेव्हा चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

ज्याचे काम तसा त्याचा चाकू

गाडीतळावर नंबर लागेपर्यंत बसलेल्या चार माणसांना आपापले चाकू काढायला सांगा. चौघांचे चाकू चार तऱ्हेचे निघतील, आणि प्रत्येकाचे कारणही वेगळे असेल. एकाला सुतळी आणि दोर कापायला लागतो. दुसऱ्याची डाळिंबाची बाग आहे, त्याला कलमाचा सरळ धारेचा चाकू हवा असतो. तिसरे म्हातारबाबा सुपारीला अडकित्ता आणि बाकी सगळ्याला चाकू, असा हिशोब ठेवून चंचीत दोन्ही बाळगतात. चौथा म्हणतो, "वडिलांचा आहे हो, म्हणून ठेवलाय." हेही कारण खोटे नाही. वडिलांच्या हातची वस्तू माणूस जपून वापरतो, आणि जपून वापरलेले हत्यार टिकते.

मुद्दा इतकाच, की आधी काम ठरवावे आणि मग चाकू घ्यावा. पुष्कळांचे उलटे होते. जत्रेत चकाकणारे पाते दिसते, खटका दाबला की फटकन उघडते, म्हणून घेतले जाते. पुढे ते सुतळीलाही धड लागत नाही.

काम आधी ठरविण्याची दोन नामांकित उदाहरणे परदेशातली आहेत. स्वित्झर्लंडच्या लष्कराला शिपायासाठी एक चाकू हवा होता. शिपायाला डब्यातले अन्न खावे लागे आणि १८८९ सालची नवी रायफल खोलायला स्क्रू-पिळणी लागे. म्हणून पाते, डबा उघडणी, स्क्रू-पिळणी आणि भोक पाडायची आरी, एवढेच त्या चाकूत बसविले. पहिला माल जर्मनीहून आणावा लागला, कारण एवढे चाकू एकट्याने करून देईल असा कारागीर त्या देशात नव्हता. तेव्हा कार्ल एल्सनर या कारागिराने देशातल्या चाकू करणाऱ्यांची संघटना उभी केली, आणि १८९१ पासून माल देशातच तयार होऊ लागला. एकट्याला न झेपणारे काम मिळून करणे म्हणजे काय, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण फ्रान्समधल्या सावोय या डोंगरी भागातले. तिथे जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली शेतकऱ्यांसाठी साधा घडीचा चाकू केला. लाकडी मूठ आणि एकच पाते, बाकी काही नाही. भाकरतुकडा आणि चीज कापण्यापासून फांदी तासण्यापर्यंत तोच चाले. १८९७ पासून तो १ ते १२ अशा नंबरांच्या मापांत निघू लागला, म्हणजे ज्याने त्याने आपला हात आणि आपले काम पाहून नंबर घ्यावा. पाते बोटावर मिटू नये म्हणून मुठीला फिरते कडे बसविले ते १९५५ साली. किंमत बेताची आणि उपयोग रोजचा, म्हणून तो टिकला.

उसाच्या शेतकऱ्याची कामे कोणती?

आपल्या कामांची यादी करून पाहू.

(१) खताच्या पोत्याची शिवण उसविणे. पोते मधोमध फाडू नये. शिवणीच्या टोकाचा टाका कापून दोरा ओढला की सगळी शिवण सरसर सुटते, आणि पोते शाबूत राहते.

(२) ठिबकची नळी कापणे. ती सरळ आणि एका दाबात कापली पाहिजे. तिरपी किंवा चेंगरून कापली तर जोडणी गळते, आणि प्लॅस्टिकचा कीस आत जाऊन पुढची छिद्रे तुंबतात.

(३) सुतळी, दोर, कासरा कापणे. भरल्या गाडीचा बैल पाय घसरून पडला आणि जोते गळ्याला आवळले, तर गाठ सोडवत बसायला वेळ नसतो. अशा वेळी धार असलेला चाकू खिशात असणे आणि घरी असणे यात बैलाच्या जीवाएवढे अंतर असते.

(४) ऊस चिरून पाहणे. हे सर्वांत महत्त्वाचे काम, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

बेणे तोडायला आणि ऊस तोडायला कोयता आहेच. ते काम चाकूचे नव्हे. वरच्या कामांना अडीच ते साडेतीन इंचांचे पाते पुरेसे होते. त्याहून लांब पाते खिशात नीट बसत नाही आणि हातातही नीट आवरत नाही.

पोलाद, मूठ आणि अडक

पाते दोन जातींचे मिळते. साधे कार्बन पोलाद लवकर धार घेते, पण गंजते. उसाचा रस थोडा आंबट असतो आणि चिकट तर असतोच. तो पात्यावर तसाच राहिला की सकाळपर्यंत डाग धरतो. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम असते, त्यामुळे ते पाण्याला आणि रसाला दाद देत नाही. मात्र त्याला धार लावायला जास्त वेळ लागतो. ज्याला रोज पुसायची सवय आहे त्याने साधे पोलाद घ्यावे. ज्याचा चाकू वापरून तसाच खिशात जातो त्याने न गंजणारे घ्यावे. यात थोरले-धाकटे काही नाही, ज्याने त्याने आपला स्वभाव ओळखावा.

मूठ ओल्या आणि चिकट हाताने धरली तरी निसटू नये. उघडल्यावर पाते पक्के अडकेल असा चाकू घ्यावा. अडक नसलेल्या चाकूचे टोक कशात रुतले की पाते मागे फिरते आणि थेट बोटावर मिटते. मुठीला दोरी ओवायला भोक असेल तर तांबडी किंवा पिवळी दोरी बांधावी. हिरव्या उसात आणि वाळल्या पाचटात ती लगेच दिसते.

धार आणि पाणी

बोथट चाकू जास्त कापतो, असे जुनी माणसे म्हणत, ते खरे आहे. धार नसली की जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की चाकू निसटून हातात घुसतो. धार लावायला साधा निसणा पुरे. दगड ओला करावा. पाते आडवे टेकवून त्याची पाठ थोडी उचलावी. दोन सेंटिमीटर रुंद पात्याला सहा-सात मिलीमीटर उचल पुरते. दोन्ही बाजूंना सारखे हात मारावेत.

वेगाने फिरणाऱ्या विजेच्या चक्रावर बारीक पाते धरू नये. पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले असे समजावे. तशा पात्याला लावलेली धार दोन दिवसही टिकत नाही. याच कारणासाठी चाकू साफ करायला म्हणून चुलीच्या जाळावरही धरू नये.

चाकू रोग दाखवितो, तसा पसरवितोही

लागण चांगली आली, पण खोडवा दरसाल खाली येत गेला, की आपण खताला नाहीतर पाण्याला दोष देतो. काही वेळा कारण उसाच्या आत असते. खोडवा खुजा करणारा एक रोग आहे, त्याला आर.एस.डी. म्हणतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसात १९४४-४५ च्या सुमारास तो प्रथम लक्षात आला. त्याचे जंतू उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतात. पानावर डाग नाही, वर काही खूण नाही. ऊस फक्त बारीक होतो आणि कांड्या आखूड पडतात.

त्याची खूण पाहायची तर चाकूच लागतो. पक्व ऊस घेऊन बुडाकडच्या गाठीजवळ पातळ काप काढावा. ताज्या कापात गाठीच्या खालच्या अंगाला नारिंगी-तांबूस ठिपके किंवा स्वल्पविरामासारख्या रेघा दिसल्या, तर शंका घ्यावी. काप वाळला की खूण पुसट होते, म्हणून तिथल्या तिथे पाहावे. अशी खूण काही उसांत दिसतही नाही, म्हणून खात्री प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच करावी.

उत्तरेत, विशेषतः को ०२३८ या वाणाचे फार नुकसान केलेली लाल कूजही ऊस उभा चिरल्यावरच ओळखू येते. आतला गर लाल होतो, मधेमधे आडवे पांढरे पट्टे असतात, आणि आंबूस, दारूसारखा वास येतो.

आता खरी काळजीची गोष्ट. आर.एस.डी.चे जंतू रसाबरोबर पात्याला लागतात. रोगट ऊस चिरून तोच चाकू किंवा कोयता निरोगी बेण्याला लावला, की रोग आपल्याच हाताने तिथे गेला. शेजाऱ्याने "दादा, जरा चाकू द्या हो, ऊस बघतो," म्हटले, की आपण देतो, आणि परत आला की तसाच खिशात टाकतो. देऊ नये असे नाही. पण पुसून द्यावा आणि पुसून घ्यावा. आधी पात्यावरचा रस व कीस पाण्याने धुऊन काढावा. मग स्पिरिटचा बोळा फिरवून पाते काही मिनिटे ओले राहू द्यावे. बेणेमळ्यात जाताना तर हे चुकवूच नये. तिथला एक ऊस पुढे कित्येकांच्या शेतात जाणार असतो. बेण्यातला हा रोग कमी करण्यासाठी ५० अंश सेल्सिअस गरम पाण्यात दोन तासांची प्रक्रिया करतात. पण प्रक्रिया केलेले बेणे पुन्हा मळक्या कोयत्याने तोडले, तर केलेली मेहनत पाण्यात जाते.

काणीचा काळा चाबूक दिसला, तर चाकू लावण्याआधी त्यावर पिशवी चढवावी आणि मग कापावा. नाहीतर काळी भुकटी वाऱ्याने शिवारभर उडते. कापलेला चाबूक जाळावा आणि बेट मुळासकट काढावे.

हाताला लागले तर

धनुर्वात गंजामुळे होतो असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, तेव्हा नव्याकोऱ्या चाकूच्या जखमेनेही तो होऊ शकतो. जखमेवर माती, तंबाखू किंवा चुना लावू नये. साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून धरावी आणि दवाखाना गाठावा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते. जखम मातीने मळली असेल आणि शेवटच्या लशीला पाच वर्षे उलटली असतील, तर लगेच घ्यावी. कापताना चाकू नेहमी अंगापासून दूर न्यावा आणि दुसऱ्याला देताना मिटवून द्यावा, हे घरातल्या पोरांना लहानपणीच शिकवावे.

हरवला तर कारखान्याचेही नुकसान

मोळ्या बांधताना ठेवलेला चाकू मोळीत गेला, तर तो गाडीतून गव्हाणीत येतो. गव्हाणीतून येणारे लोखंड ओढून घ्यायला लोहचुंबक बसवितात, पण उसाच्या ढिगाखाली दबलेले लोखंड दर वेळी सापडतेच असे नाही. ते पुढे गेले की उसाच्या कटरची पाती आणि मिलचे रोलर दुखावतात, गाळप थांबते, आणि गाडीतळावर सगळ्यांचाच खोळंबा होतो. म्हणून गाडी भरून झाली की आधी खिसा चाचपावा. रंगीत दोरीचा उपयोग इथेही होतो.

कायदा आणि रीत

शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा समावेश आहे. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनविलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपला तीन इंचांचा चाकू त्या मापात बसत नाही. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघाला असेल, तर त्या काळात चाकू घरीच ठेवावा. कोर्टात, मतदान केंद्रावर आणि मिरवणुकीतही तो नेऊ नये. विमानात हातातल्या पिशवीत चालत नाही. खटक्याचा रामपुरी हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या हाती शोभला असेल, शेतीला त्याचा उपयोग नाही.

चाकू दाखवायची वस्तू नव्हे. बांधावरच्या वादात हात खिशाकडे गेला, तर तो चाकू हत्यार राहत नाही, शस्त्र होतो, आणि पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या चढते. ज्याला राग लवकर येतो त्याने वाद मिटवायला जाताना चाकू घरी ठेवूनच जावे.

तरी सर्व सभासदांना विनंती, की आज आपापला चाकू काढून पाहावा. धार आहे का, अडक पक्की आहे का, दोरी बांधली आहे का आणि पाते स्वच्छ आहे का, एवढे तपासावे. या गळिताला ज्यांचा ऊस जाऊन खोडवा राहणार आहे, त्यांनी तोडणीआधी चार-सहा ऊस चिरून पाहावेत. शंका आली तर कापांसह शेतकी विभागाकडे यावे, आणि येण्याआधी पाते स्पिरिटने पुसून घ्यावे.