शरदाचे आगमन आणि मुलांची ऋतुचित्रे

प्रस्तावना :
भारतीय कालगणनेनुसार आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे महिने होत. इंग्रजीतील 'ऑटम'साठी मराठीत 'शरद' हा पर्याय रूढ झाला आणि शब्दासोबत परदेशी ऋतूचे चित्रही आपल्या वर्गांत आले. लाल-नारिंगी पाने, उघड्या फांद्या असा 'शरद' महाराष्ट्रातील मुलेही रंगवताना आढळतात. हे चित्र येथील निसर्गाशी कितपत जुळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निसर्गातील वस्तुस्थिती :
समशीतोष्ण प्रदेशात दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते. त्यामुळे मुळातच असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. काही वृक्षांत लाल अँथोसायनिन नव्याने तयार होते. महाराष्ट्रातील पानझडी वृक्षांची पानगळ मात्र मुख्यतः ओलाव्याच्या टंचाईशी निगडित असून ती पुढे, शिशिराच्या सुमारास होते. शरदाच्या प्रारंभी येथे आकाश निवळते, सह्याद्रीवर सोनकी फुललेली असते, भात पिकू लागते. बदामाची पाने गळण्यापूर्वी लाल होतात, हे खरे. परंतु पिंपळ व कुसुम यांची तांबूस पाने कोवळी असतात. तिकडे जो रंग पानाच्या अखेरीचा, तो येथे अनेकदा त्याच्या जन्माचा असतो.

बालकलेचा विचार :
व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' (१९४७) या ग्रंथात बालचित्रांच्या विकासावस्था मांडल्या. साधारणतः ७ ते ९ वर्षांच्या वयात मूल प्रत्येक वस्तूसाठी एक आकृतिबंध ठरवून तो पुनःपुन्हा वापरते. हा आकृतिबंध स्वानुभवातून घडावा, अशी त्यांची भूमिका होती. म्हणूनच आयते नमुने गिरवण्यास त्यांचा विरोध होता.

आपल्याकडे अशा अनुभवाची परंपरा आहे. हस्त नक्षत्रात हत्तीचे चित्र मांडून मुली भोंडल्याचा फेर धरतात. दिवाळीत मुले माती-दगडांचा किल्ला रचून त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात. मातीचा ओलावा, उतारावरून वाहणारे पाणी व बीजांकुरण यांची ओळख त्यांना हातांनी होते. ही खऱ्या अर्थाने शरदाची कला होय.

निष्कर्ष :
शाळेबाहेरील जीवनाशी ज्ञानाची सांगड घालावी, असे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ सांगतो. अध्यापक महाविद्यालयांना त्यासाठी एक साधा उपक्रम हाती घेता येईल : परिसरातील एकच झाड वर्षभर, दरमहा पाहून मुलांनी त्याचे चित्र काढावे व त्यावर तारीख घालावी. वनस्पतिशास्त्र, भाषा व चित्रकला या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना त्यात सहभागी होता येईल. खिडकीबाहेर हिरवे झाड दिसत असता तक्त्यावरील लाल झाड रंगवणारे मूल केवळ चुकीचा ऋतू शिकत नाही; स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तक्त्यावर अधिक विश्वास ठेवावयास शिकते. हे नुकसान चित्रकलेच्या तासापुरते मर्यादित राहत नाही.