मराठीतली मोठी नोट सेव्ह केल्यावर अर्धीच का उरते?

तासभर खपून मोठा मजकूर लिहावा, ‘सेव्ह’चं बटण दाबावं आणि नंतर उघडून बघावं तर शेवटचे चार परिच्छेद गायब! कधी तर अख्ख्या मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. अशा वेळी आपण नेटला नाहीतर मोबाइलला दोष देतो. पण बऱ्याचदा खरं कारण डेटाबेसमध्ये, म्हणजे वेबसाइट किंवा अ‍ॅप आपला मजकूर जिथे साठवतं तिथे असतं. आणि मराठीत लिहिणाऱ्यांना हा फटका लवकर बसतो.

एक अक्षर, तीन बाइट

आज बहुतेक मजकूर ‘यूटीएफ-८’ पद्धतीने साठवला जातो. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीला ३ आणि बहुतेक इमोजींना किमान ४. शिवाय काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट झाले.

आता ‘मायएसक्यूएल’ हा अनेक वेबसाइटमागे असलेला डेटाबेस घ्या. त्यातल्या ‘टेक्स्ट’ नावाच्या रकान्यात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात. इंग्रजीत तेवढ्यात अंदाजे दहा हजार शब्द बसतात. मराठीत मात्र २१,८४५ चिन्हं, म्हणजे साधारण साडेतीन-चार हजार शब्द झाले की रकाना भरला!

गुपचूप कापाकापी

रकाना भरल्यावर डेटाबेसने ‘मावत नाही’ असं सांगायला हवं. पण मायएसक्यूएलची कडक तपासणी, म्हणजे ‘स्ट्रिक्ट मोड’ बंद असेल, तर तो जास्तीचा मजकूर कापून टाकतो आणि उरलेला सेव्ह करतो. फक्त एक इशारा नोंदवला जातो, जो सहसा कुणी वाचत नाही. २०१५ साली आलेल्या ५.७ आवृत्तीपासून ही तपासणी आपोआप चालू असते, पण जुन्या सॉफ्टवेअरसाठी ती अजूनही बंद केली जाते.

इमोजीची गंमत वेगळीच. मायएसक्यूएलमधल्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारात एका चिन्हाला ३ बाइटच मिळत. त्यामुळे तपासणी बंद असताना मजकुरात इमोजी आला की तिथून पुढचं सगळं गळून पडे. यावर २०१० साली ‘यूटीएफ८एमबी४’ आलं. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून नव्या डेटाबेसला तेच मिळतं.

प्रश्नचिन्हं की विचित्र अक्षरं?

मराठीऐवजी विचित्र परदेशी अक्षरं दिसली तर घाबरू नका. बऱ्याचदा मूळ बाइट शाबूत असतात, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जात असतात. असा मजकूर दुरुस्त होऊ शकतो. पण सेव्ह होतानाच प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं असेल, तर मूळ अक्षर पुसलं गेलेलं असतं. मग बॅकअप हाच आधार.

तुम्ही काय कराल?

- मोठा मजकूर सेव्ह केल्यावर पान पुन्हा उघडा आणि शेवटची ओळ तपासा.
- मजकूर अर्धवट दिसला तर पुन्हा सेव्ह करू नका. दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर जुनी प्रत असेल, तर आधी तिथलं नेट बंद करून ती कॉपी करून ठेवा.
- महत्त्वाच्या लेखनाची एक प्रत साध्या फाइलमध्ये ठेवा.

स्वतःची वेबसाइट असेल तर लांब मजकुरासाठी ‘मीडियमटेक्स्ट’ रकाना वापरा. त्यात सुमारे १६ एमबी मावतं. ‘यूटीएफ८एमबी४’ रकान्याला लावा आणि डेटाबेसशी जोडणी करतानाही तेच सांगा. स्ट्रिक्ट मोड चालू ठेवा. रकाने बदलण्याआधी बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उघडून पाहा, कारण न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

शेवटी पाच हजार शब्दांचा मराठी मजकूर, मध्ये एक इमोजी टाकून, सेव्ह करून बघा. ‘सेव्ह होत नाही’ असा एरर आला तर चिडू नका. मजकूर तुमच्या स्क्रीनवर असतानाच तो आला, हे बरंच म्हणायचं.