साध्या भेटींची धास्ती : सामाजिक चिंतेचे स्वरूप आणि तिच्याशी सामना

प्रस्तावना

दंतवैद्याकडे ठरलेली वेळ, बँकेतील अधिकाऱ्याची भेट, प्रकल्पासाठी मार्गदर्शकांनी दिलेली मंगळवारची अकराची वेळ या दैनंदिन जीवनातील अत्यंत साध्या घटना होत. बहुसंख्य व्यक्तींना त्यांचा विशेष विचारही करावा लागत नाही. काही व्यक्ती मात्र अशा एका भेटीपायी आदली रात्र जागून काढतात आणि ऐन वेळी दारापर्यंत जाऊन परत फिरतात. महाविद्यालयात असा विद्यार्थी दिलेल्या वेळी आला नाही, की त्याच्यावर 'बेफिकीर' असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात त्या भेटीचा सर्वाधिक विचार त्यानेच केलेला असू शकतो. प्रस्तुत लेखात या धास्तीचे स्वरूप, ती टिकून राहण्याची कारणे व तिच्याशी सामना करण्याचे मार्ग यांचा परामर्श घेतला आहे.

संकल्पना

इतर लोक आपले निरीक्षण करतील, आपल्याविषयी प्रतिकूल मत बनवतील, या तीव्र भीतीस सामाजिक चिंता असे म्हणतात. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत तिला 'सामाजिक भयगंड' या नावाने स्वतंत्र विकृतीचे स्थान मिळाले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार ही भीती सामान्यतः सहा महिने वा त्याहून अधिक काळ टिकणारी आणि शिक्षण, व्यवसाय वा सामाजिक जीवनात बाधा आणणारी असावी लागते. त्यामुळे प्रत्येक लाजाळू व्यक्तीस रुग्ण मानणे अयोग्य ठरते. मात्र भीती टिकून राहण्याची प्रक्रिया सौम्य संकोचातही बरीचशी तशीच आढळते.

भीती टिकते कशी?

डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेले प्रतिमान या संदर्भात महत्त्वाचे आहे. भेटीपूर्वी व्यक्ती संभाव्य फजितीची चित्रे रंगवते. भेटीच्या वेळी तिचे लक्ष समोरच्या व्यक्तीकडे नसून स्वतःचा थरथरता आवाज व घामेजलेले तळवे यांकडे असते. वाक्ये मनात घोळवणे, नजर चुकवणे, हात खिशात दडवणे अशी 'सुरक्षा-वर्तने' ती करते. भेट निर्विघ्न पार पडली, तरी तिचे श्रेय या वर्तनांनाच दिले जाते. घरी परतल्यावर स्वतःच्या प्रत्येक शब्दाची चिरफाड सुरू होते.

याहून घातक गोष्ट म्हणजे टाळाटाळ. भेट रद्द केल्याक्षणी मोठा दिलासा मिळतो. मानसशास्त्राच्या परिभाषेत हे ऋण प्रबलन होय. ज्या कृतीने त्रास थांबतो, ती कृती पुन्हा पुन्हा घडते. मात्र 'गेलो असतो तर खरोखर काय झाले असते?' हे तपासण्याची संधी त्याच दिलाशापोटी गमावली जाते. दाताची कीड वाढत राहते, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उलटते आणि पुढील भेट अधिकच अवघड होते.

एक बोलके उदाहरण

विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) तरुणपणी अतिशय बुजरे होते. त्यांनीच सांगितल्यानुसार, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन त्यांनी बाकावर एकट्या बसलेल्या सुमारे शंभर स्त्रियांशी संभाषण केले. त्यांपैकी केवळ एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आलीच नाही. तथापि नकारांच्या या मालिकेत भयंकर असे काहीही घडले नाही, हाच त्यांना झालेला बोध होता. पुढे कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ही उपचारपद्धती मराठी वाचकांस परिचित झाली.

सामना करण्याचे मार्ग

१. भेटीपूर्वी 'नेमके काय वाईट घडेल?' याचे भाकीत एका वाक्यात लिहावे. भेटीनंतर प्रत्यक्ष घडलेले त्याखाली लिहावे.
२. लहान पायऱ्या आखाव्यात. प्रथम दूरध्वनीवरून दवाखान्याची वेळ विचारणे, नंतर कार्यालयाच्या खिडकीवर एक प्रश्न विचारणे, त्यानंतर पाच मिनिटांची भेट.
३. प्रत्येक वेळी एक सुरक्षा-वर्तन जाणीवपूर्वक सोडावे व लक्ष समोरच्याच्या बोलण्याकडे वळवावे.
४. भेट रद्द करणे अपरिहार्यच झाले, तर त्याच संभाषणात नवी तारीख घ्यावी.

एवढ्याने भागत नसल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घेणे इष्ट. ब्रिटनमधील २०१३ च्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी वैयक्तिक बोधात्मक वर्तनोपचारास प्राधान्य दिले आहे. काही रुग्णांस औषधांचाही उपयोग होतो. भारतात २०२२ पासून 'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

अध्यापकांची भूमिका

'उद्या येऊन भेट' या तीन शब्दांत कारण नसते. ती पोकळी चिंताग्रस्त मन सर्वांत वाईट शक्यतेने भरून काढते. 'प्रकल्पाच्या दुसऱ्या प्रकरणाविषयी बोलू, दहा मिनिटे, विभागात' असे सांगितल्यास निम्मे ओझे उतरते. चुकलेल्या भेटीनंतर विद्यार्थी आला, तर उलटतपासणीऐवजी थेट कामास आरंभ करणे हितावह ठरते. मात्र सहानुभूतीपोटी तोंडी परीक्षा वा सादरीकरण कायमचे माफ करणे म्हणजे टाळाटाळीस संस्थेची मान्यता देणे होय. माफीऐवजी पायरी लहान करून द्यावी : प्रथम केवळ अध्यापकांसमोर, नंतर चार सहाध्यायांसमोर, शेवटी वर्गासमोर.

समारोप

भीती पूर्णपणे गेल्यावर भेटीस जाऊ, हा क्रम फसवा आहे. भीती सोबत घेऊन भेटीस गेल्यानेच ती क्रमाक्रमाने ओसरते. ठरलेल्या वेळी न आलेल्या विद्यार्थ्याविषयी मत बनविण्यापूर्वी त्यास आणखी एक वेळ, या वेळी कारणासह, देणे अध्यापकास सहज शक्य आहे.