सहा मिनिटांची आई

गेल्या भाऊबीजेच्या दुपारी आमच्या घरातली नऊ माणसे सहा मिनिटे जागची हलली नाहीत. पंखा बंद होता, दाराला कडी होती आणि मधल्या खोलीत, टेबलावर, मी स्वतः बांधलेल्या यंत्रावर एक काळी तबकडी फिरत होती. सुई तिच्यावर वाजत नव्हती. ती कोरत होती. काय कोरत होती, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पस्तीस वर्षे टर्नर म्हणून काम केले. लोखंडाचा गोल लेथवर लावायचा, टूल टेकवायचे, कीस काढायचा. निवृत्त झाल्यावर कुठेतरी वाचनात आले, की ग्रामोफोनची रेकॉर्डही मुळात लेथवरच कापतात, आणि हौशी माणसे घरीसुद्धा कापतात. माझ्या मनाने तेव्हाच घेतले. घरात आईची एक कॅसेट होती. १९८७ सालच्या दिवाळीत दाजींनी दुबईहून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा तिच्यापुढे ठेवून भरलेली. आई १९९४ साली गेली. कॅसेटची फीत आता चिकटायला लागली होती. भाच्याने ती संगणकावर उतरवून दिली, सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवलीही. दोन वर्षांत ती कुणीही उघडून ऐकली नाही. मीसुद्धा नाही.

घरी रेकॉर्ड कापण्याचा नाद काही आजचा नाही. अमेरिकेत १९४०च्या सुमारास रेडिओबरोबरच रेकॉर्ड कापण्याची सोय असलेली यंत्रे घरोघरी विकली जात. युद्धावर गेलेले सैनिक आपला आवाज तबकडीवर भरून घरी पाठवत. १९५३ साली मेम्फिस शहरात एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने चारएक डॉलर मोजून स्वतःच्या दोन गाण्यांची एकच तबकडी कापून घेतली होती. सगळ्यात नवलाची गोष्ट मात्र लेनिनग्राडची. महायुद्धानंतर तिथे परदेशी संगीतावर बंदी होती. तेव्हा काही तरुणांनी इस्पितळांनी टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मा गोळा केल्या, गोल कापल्या आणि त्यांच्यावर गाणी कोरली. फिल्म उजेडात धरली की बरगड्या दिसत, म्हणून त्यांना ‘हाडांवरचे संगीत’ म्हणत. त्यांच्यातला रुस्लान बोगोस्लोव्स्की याने कापायचे यंत्र स्वतःच बांधले होते. त्यापायी त्याला तुरुंगातही जावे लागले. मला फक्त बायकोची बोलणी खावी लागली.

यंत्राचे गणित सोपे आहे. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस फेरे घेते. नेमके सांगायचे तर तेहतीस आणि एकतृतीयांश. एका खाचेपासून दुसरीपर्यंत मी पंधरा शतांश मिलिमीटर अंतर धरले. म्हणजे सुई मिनिटाला पाच मिलिमीटर आत सरकली पाहिजे. त्यासाठी एक मिलिमीटर आट्याचा स्क्रू मिनिटाला पाच फेरे फिरवायचा. तो स्क्रू मी स्वतः कापला. हिऱ्याची सुई आणि पीव्हीसीच्या कोऱ्या तबकड्या परदेशातून मागवल्या. सुईला केसासारखी बारीक तार गुंडाळून ती तापवावी लागते, तरच खाच गुळगुळीत निघते. सुईच्या मागे स्पीकरसारखीच तारेची गुंडाळी असते. आवाज तिच्यात गेला, की ती थरथरते आणि सुईला डावी-उजवी हलवते. ती थरथर म्हणजेच तबकडीवरचा आवाज.

पहिल्या अकरा तबकड्या वाया गेल्या. एकीत खाचेतून निघणारा काळा धागा सुईखाली अडकला. तो धागा सतत शोषून घेण्यासाठी एक छोटी नळी लावावी लागते, हे मग समजले. दुसरीत आवाज इतका मोठा सोडला, की एक खाच शेजारच्या खाचेत घुसली. खर्जाचा आवाज सुईला फार रुंद हलवतो. म्हणून कापताना खर्ज कमी करायचा आणि टीप वाढवायची, वाजवताना बरोबर उलटे करायचे, असा नियम आहे. १९५४ पासून तो जगभर रूढ झाला. टीप वाजवताना कमी झाली, की तिच्याबरोबर सुईची खरखरही कमी होते. पस्तीस वर्षे लेथवर काढलेल्या माणसाला हे सगळे नवे शिकताना मजा आली, पण कमीपणाही वाटला.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. सात इंची तबकडीवर माझ्या हिशेबाने जेमतेम सहा मिनिटे मावतात. आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची! मोठी तबकडी माझ्या यंत्रावर बसत नव्हती. तेव्हा आईची कोणती सहा मिनिटे ठेवायची?

गणपतीत तिघे भावंडे जमलो, तेव्हा हा विषय काढला आणि चूक केली असे वाटले. ताईला ओव्या हव्या होत्या. जात्यावर बसून म्हणायच्या त्या आईने खास टेपसाठी म्हटल्या होत्या. धाकट्याला तिने सांगितलेली सासुरवासाची हकिकत हवी होती. “ओव्या काय, कुणीही म्हणतंय,” तो म्हणाला. ताई रडली. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हते.

१९०२ साली फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. रात्रभर चालणारे गाणे तीनएक मिनिटांत बसवायचे, म्हणजे त्या बाईलाही कुठेतरी कात्री लावावी लागली असणारच. पण कात्री तिने स्वतःच्या गाण्याला लावली. आईला विचारणार कोण?

शेवटी मी एकटा बसलो आणि ती पंचेचाळीस मिनिटे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ओव्या म्हणताना आईचा आवाज परका वाटत होता. टेपरेकॉर्डरला ती बुजली होती. हकिकत सांगताना दाजी समोर होते, म्हणून ती मोजून बोलत होती. आणि अगदी शेवटी, टेप बंद झाला असे समजून, ती स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली, कुकरची शिट्टी झाली, दादांचा खोकला ऐकू आला. मग ती म्हणाली, “बंद झालं का रं त्ये? मग हात धू आणि जेवायला बस. ताईला बी हाक मार.” मग धाकट्याला रागावली, मग हसली. ती माझी आई होती. मी ताईला आणि धाकट्याला फोनवर तेवढेच ऐकवले. दोघेही काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने ताई म्हणाली, “हेच घे.”

घरच्या यंत्रावर छाप्याची सोय नसते. कारखान्यात एका साच्यातून हजारो रेकॉर्डी निघतात. इथे प्रत्येक तबकडी वेगळी कापावी लागते आणि सहा मिनिटांच्या आवाजाला सहा मिनिटेच लागतात. टेबलाला धक्का लागला, तर तोही कोरला जातो, म्हणून भाऊबीजेला सगळ्यांना गप्प बसवले होते. दोन तबकड्या नीट निघाल्या. तिसरी कापताना नातवाला राहवले नाही. त्याने कॉटवरून उडी मारली. वाजवून पाहिले, तर आईच्या हसण्यानंतर ‘धप्प’ असा आवाज.

मी ती टाकून नवी कापणार होतो. खोडायची सोय या कामात नाही. पण धाकट्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

“हीच माझी,” तो म्हणाला. “आईनं बघितला नाही ना ह्याला.”