टायटॅनियम की टाइमपास?

पेंटबॉल खेळलाय कधी? न्यू जर्सीत ऑन-साइट असताना मला त्याचं वेडच लागलं. खेळातली बंदूक म्हणजे 'मार्कर'. १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरला पहिला गेम झाला, तेव्हा तर झाडांवर आणि गुरांवर खुणा करायचं पिस्तूलच वापरलं होतं!

ऑफिसमधला एक कलीग जुना 'ऑटोमॅग' मार्कर विकत होता. बोल्ट टायटॅनियमचा, रेअर पीस, म्हणून दोनशे डॉलर जास्त. चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. पण बॉस, बरंचसं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. निळ्या-जांभळ्या रंगावरही जाऊ नका. ॲल्युमिनियमलाही तो देता येतो. घासून ठिणग्या बघाव्यात, तर पीसची वाट!

शेवटी किचनमधला डिजिटल काटा काढला. बोल्ट ६३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणला. बोल्ट दोऱ्यानं पूर्ण बुडवला, तळाला न टेकवता, बुडबुडे झटकून. आकडा आला ८. ६३ भागिले ८, म्हणजे जवळपास ७.९. टायटॅनियम असतं तर साडेचार आलं असतं, ॲल्युमिनियम असतं तर २.७. हे चक्क स्टील!

सांगितल्यावर कलीगचा चेहराच पडला. त्यालाही कुणीतरी असंच गंडवलं होतं. जादा पैसे त्यानं मुकाट्यानं सोडले आणि जाताना माझा काटा मागून नेला. घरी त्याच्याकडे आणखी तीन 'टायटॅनियम' पार्ट्स होते!